मानपत्रात न छापलेली अट

फोंडा तालुक्यातल्या एका लहानशा संस्थेच्या पुरस्कार समितीवर मी गेली काही वर्षं बसतो. बैठक देवळाच्या अग्रशाळेत होते, पंखा कुरकुरत असतो, चहा नको तितका गोड असतो आणि निर्णय साधारण अर्ध्या तासात लागतो. पुरस्कार ‘समाजाभिमुख कार्य करणाऱ्या कलावंताला’ द्यायचा, असं संस्थेच्या घटनेत लिहिलेलं आहे. मागच्या खेपेला एक नाव पुढं आलं. खाणपट्ट्यातल्या धुळीवर आणि आटलेल्या झरींवर फुगडीच्या चालीत गाणी बांधून ती वाड्यावाड्यावर म्हणणारी एक बाई. गाणी चांगली, आवाज खणखणीत, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. मग एकजण म्हणाला, ‘‘बाई बरी आहे हो, पण वादग्रस्त आहे.’’ दुसऱ्यानं विचारलं, ‘‘आणि पाहुण्यांसमोर माइकवर काही बोलली तर?’’ मिनिटभर फक्त पंखा ऐकू येत होता. नंतर एका निर्विवाद नाट्यकर्मीचं नाव सुचवलं गेलं, हात वर झाले. त्यांतला एक माझा होता.

ही कबुली आधीच देऊन टाकतो, कारण पुढं मी जे म्हणणार आहे ते माझ्याही अंगावर येणारं आहे. समाजासाठी झटणारे कलावंत आणि कार्यकर्ते यांना मिळणाऱ्या पुरस्कारांवरून आपल्याकडं अधूनमधून वाद पेटतो आणि दर वेळी तो एकाच बाजूनं ओढला जातो. पुरस्कार घ्यावा की नाकारावा? घेतला तर परत करावा का? परत करणारा शूर की नाटकी? सगळी चिरफाड घेणाऱ्याच्या चारित्र्याची. जुलै २०२३ मध्ये संसदेच्या एका स्थायी समितीनं या वादाला सरकारी शिक्काच मारला: पुरस्कार देण्याआधी लेखक-कलावंताची संमती घ्यावी, राजकीय कारणासाठी तो परत करणार नाही असं त्याच्याकडून लिहून घ्यावं, आणि तरी परत केलाच तर पुढं त्याचा विचार करू नये. देणाऱ्यानं काय लिहून द्यावं, हे त्या शिफारशीत नव्हतं. माझ्या मते खरा प्रश्न तिथंच आहे. समाजाशी बांधील अशा कामाचा गौरव करू पाहणाऱ्यानं त्या कामाची झळ स्वतःलाही लागणार हे धरून चाललं पाहिजे. ज्या व्यासपीठावर पुरस्कार दिला, त्याच व्यासपीठावरून आपल्याविरुद्ध चार शब्द ऐकून घ्यायची तयारी नसेल, तर त्या संस्थेनं खुशाल सुंदर हस्ताक्षराच्या स्पर्धा भरवाव्यात. त्यात कुणाला काही बोलायचं नसतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपण पोरवयापासून ऐकतो. पैसे घ्यायचे, शाल घ्यायची, मंत्र्याबरोबर फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच मंत्र्यावर तुटून पडायचं, हे साध्या माणसाला खटकतं. त्या खटकण्यामागं एक जुनी नीती आहे, तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण मग विचारावं लागतं की पोळी कुणाची? कला आणि संस्कृती खात्याचा धनादेश मंत्र्याच्या घरच्या तिजोरीतून निघत नाही. म्हापशाच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईनं साबण घेताना भरलेला कर त्यात आहे. टाळी वाजवायची तर तिच्यासाठी वाजवावी. धनादेशावर सही करणाऱ्या हाताला धन्याचा हात समजणं ही सवय आपल्याला साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीनं लावली असेल, पण १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर ती सुटायला हरकत नव्हती.

शिवाय इतिहासात टाळी न वाजवणाऱ्यांचंच नाव आपण अभिमानानं घेतो. जालियनवाला बागेनंतर रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये ‘सर’ ही पदवी सोडली. गांधीजींनी १९२० मध्ये कैसर-ए-हिंद पदक परत पाठवलं. त्या दोघांनी आधी ते मान स्वीकारले होते, सुखानं मिरवलेही असतील; म्हणून त्यांना कृतघ्न कोण म्हणतो? इथं लगेच उत्तर येतं, ‘ते परकं सरकार होतं, हे आपलं आहे.’ बरं, आपलंच घेऊ. महाराष्ट्र भूषण हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो १९९६ मध्ये पु. ल. देशपांडे यांना. पुलंनी सरकारच्या कारभाराबद्दलची आपली नाराजी लपवली नाही, आणि ज्यांचं सरकार होतं ते बाळासाहेब ठाकरे भडकले. पुरस्कार देऊन चूक झाली, असा एकंदर सूर लागला. महाराष्ट्र त्या वेळी कुणाच्या बाजूनं उभा राहिला, हे आमच्या पिढीला आठवतं. आणि त्याहून जुनं उदाहरण दुर्गाबाई भागवतांचं. १९७५ साल, आणीबाणी, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण, गाव त्यांचं, मांडव त्यांचा. अध्यक्षपदाचा मान दुर्गाबाईंना, आणि दुर्गाबाई त्याच मांडवातून आणीबाणीविरुद्ध बोलल्या. जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला त्यांनी सभेला उभं केलं. पुढं त्यांना अटक झाली, ती किंमत त्यांनी भरली. पण यशवंतरावांचंही एक श्रेय मला नेहमी वाटत आलं आहे. त्यांनी माइक बंद करायला लावला नाही. आज त्या संमेलनाची आठवण निघते ती या दोन गोष्टींमुळे निघते. स्वागताचे हार कुणी घातले ते कुणाला ठाऊक आहे?

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. पुरस्कार परत करणं हा फुकटचा पराक्रम आहे, असं म्हणतात. स्मृतिचिन्ह गेलं तरी नाव राहतंच, उलट दोन वर्तमानपत्रांत फोटो जास्त येतो. आणि अमुक वेळी गप्प बसलेले तमुक वेळी कसे जागे झाले, हा प्रश्न तर प्रत्येकाच्या खिशात तयार असतो. यात तथ्य आहे. परत करणाऱ्यांत हिशेबी माणसंही असतात, मी काही पाहिली आहेत. पण एखाद्या कृतीत काही हिशेबी माणसं शिरली म्हणून ती कृतीच खोटी ठरते का? २०१५ मध्ये नेमकं काय झालं ते आठवू. फेब्रुवारीत कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. ३० ऑगस्टला धारवाडमध्ये प्रा. कलबुर्गी यांना दारात गाठून मारलं. कलबुर्गी हे स्वतः साहित्य अकादमीचे पुरस्कारविजेते. ज्या संस्थेनं त्यांना मान दिला होता, तिला निषेधाचा स्पष्ट ठराव करायला २३ ऑक्टोबर उजाडावा लागला, आणि तोवर देशभरातून पुरस्कार परत येण्याची रांग लागली होती. त्या रांगेविना तो ठराव झाला असता, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? गोव्यातल्या बहुतेक अकादमीविजेत्यांनी त्या वेळी पुरस्कार आपल्याकडं ठेवून निषेध करण्याचा मार्ग पत्करला. मला तोही पटतो. ठेवणं आणि परत करणं हे दोन्ही बोलण्याचेच प्रकार झाले. गप्प बसण्याची हमी दोन्हींत नाही.

या ठिकाणी संसदीय समितीच्या शिफारशीतला गमतीचा भाग दिसतो. खुशवंत सिंग यांनी सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईच्या निषेधार्थ १९८४ मध्ये पद्मभूषण परत केलं. २००७ मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं. बाबा आमट्यांनी नर्मदेच्या प्रश्नावर १९९१ मध्ये पद्म पुरस्कार परत केले. म्हणून आनंदवनाचं काम कमी मोलाचं झालं, असं कुठल्या सरकारला वाटलं नाही. म्हणजे सरकार नावाच्या यंत्रणेला एकेकाळी एवढं शहाणपण होतं, की काल रुसलेल्या माणसाचं काम आजही मोठंच असतं. आता तेच शहाणपण हमीपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवायचं म्हणतात.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडं वळतो, कारण तीही मला तितकीच चुकलेली वाटतात. सरकारी पुरस्कार घेऊच नये, तो विटाळ आहे, असं मानणारे काही मित्र मला आहेत. त्यांची जीवनसरणी स्वच्छ आहे, मासिक उत्पन्नही नियमित आहे. पण काणकोणातला किंवा सत्तरीतला एखादा म्हातारा लोककलाकार, ज्याला सरकारच्या कला सन्मान योजनेतून दरमहा मदत मिळते, त्यानं काय करावं? ती रक्कम नाकारून शुद्ध व्हावं? आणि सगळ्या स्वाभिमानी माणसांनी दूर राहायचं ठरवलं, तर तो लोकांचा पैसा कुणाकडं जाईल? स्वागतगीतं रचणाऱ्यांकडं. सरकारी समारंभात सरकारची आरती गाणाऱ्या कवीला आजवर कुणी ‘राजकीय कवी’ म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तो तटस्थ. राजकारण करतो तो फक्त ज्याच्या कवितेत धूळ येते, जात येते, बुडालेली शेतं येतात. तटस्थतेची ही व्याख्या कुणी ठरवली?

तिसरा आक्षेप मला खरोखर अडवतो: कला चांगली म्हणून पुरस्कार द्यायचा की कारण चांगलं म्हणून? गोव्यात दर आंदोलनामागं वाईट कवितांचा एक ढीग पडतो, हे मी परीक्षक म्हणून शपथेवर सांगू शकतो. ‘म्हादई माते’ अशी सुरुवात करून चौथ्या ओळीला दम टाकणाऱ्या कविता मी इतक्या वाचल्या आहेत की नदीनं स्वतः तक्रार करावी. अशा कवितांना भावनेपोटी गुण देणं हा नदीवरही अन्याय आणि कवितेवरही. चेन्नईच्या म्युझिक अकादमीनं २०२४ मध्ये कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांना संगीत कलानिधी हा पुरस्कार जाहीर केला, तेव्हा काही नामवंत गायिका-गायकांनी अकादमीच्या महोत्सवातून अंग काढून घेतलं. त्यांच्या तक्रारीचा सूर असा की या माणसानं संगीतात जातीचा प्रश्न आणून परंपरेचा अवमान केला. गंमत अशी की कृष्णा यांच्या गाण्याच्या दर्जाबद्दल वाद जवळजवळ नव्हताच. म्हणजे ‘आम्ही फक्त कला बघतो’ म्हणणारेच कलेपलीकडचं बघत होते. हे मला फार वेळा दिसतं. दर्जाचा मुद्दा काढतात तो दर्जा सोडून दुसरंच काही बोलायचं असतं तेव्हा.

आणि या बाबतीत आम्हा गोमंतकीयांना चेन्नईकडं बोट दाखवायचा अधिकार नाही. विष्णु सूर्या वाघ हे नाव इथं घ्यावंच लागतं. मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहिणारा, नाटककार, पत्रकार, फर्डा वक्ता, काही काळ आमदार, आणि तेही सत्ताधारी पक्षाचा. ‘सुदिरसुक्त’ हा त्यांचा कोंकणी कवितासंग्रह २०१३ मध्ये आला. बहुजनांच्या अंगावर पिढ्यानपिढ्या पडलेल्या वळांची ती कविता. तिची भाषा कुठं कुठं अंगावर येते, काही ओळी मलाही ओबडधोबड वाटतात, आणि त्यावर समीक्षकांनी कडाडून भांडावं, त्यासाठीच समीक्षा असते. पण २०१७ मध्ये गोवा कोंकणी अकादमीच्या पुरस्कारासाठी या संग्रहाची निवड झाल्याचं जाहीर होण्याआधीच बाहेर फुटलं, वादंग माजला, आणि शेवटी त्या वेळचे पुरस्कारच रद्द झाले. एका पुस्तकाला द्यायचा नाही म्हणून सगळ्यांचंच पान उचललं. अश्लीलतेच्या तक्रारीवरून कवी आणि प्रकाशिका यांच्यावर गुन्हाही नोंद झाला. कवी तेव्हा गंभीर आजारी होता, स्वतःची बाजू मांडू शकत नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो गेला, आणि मग काय झालं? श्रद्धांजलीच्या सभांना आम्ही सगळे होतो. त्याच्या कवितेतला विद्रोह किती थोर, यावर भाषणं झाली. मीही एक केलं.

मराठी वाचकांनी यावर ‘कोंकणीवाल्यांचं घरगुती भांडण’ म्हणून हसू नये. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनानं, माओवादी असल्याचा आरोप झालेल्या कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार शासन निर्णय काढून रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. त्या पुरस्काराला नाव कुणाचं होतं? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं. तर्काच्या नावानं दिलेला पुरस्कार तर्क न देता काढून घेतला. फरक एवढाच की तिथं शासकीय मंडळांवरच्या काही लेखकांनी राजीनामे दिले, दुसऱ्या काही विजेत्यांनी आपले पुरस्कार नाकारले. आमच्याकडं २०१७ मध्ये असं कितीसं झालं? गोवा लहान आहे. इथं परीक्षक, लेखक, मंत्री आणि मंत्र्याचा स्वीय सहायक एकाच जत्रेत एकाच रांगेत तीर्थ घेतात. कोण कुणाचा साडू, हे सगळ्यांना ठाऊक. इथं कुणी धमकी द्यायची गरज पडत नाही. ‘कशाला हो उगाच’ एवढे तीन शब्द पुरतात. आमच्या अग्रशाळेत तेवढेच पुरले.

यातूनच पुरस्कारांचं ते विचित्र वेळापत्रक तयार होतं. माणूस लढत असतो तेव्हा तो वादग्रस्त, थकला की ज्येष्ठ, गेला की द्रष्टा. नरेंद्र दाभोलकरांना ऑगस्ट २०१३ मध्ये मारलं, पद्मश्री २०१४ मध्ये मिळाली. त्यांच्या मारेकऱ्यांना शिक्षा सुनावणारा निकाल मात्र मे २०२४ मध्ये आला. पदक न्यायाच्या दहा वर्षं आधी पोचलं. लिबिया लोबो सरदेसाई यांनी १९५५ पासून मुक्तीपर्यंत सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त नभोवाणी चालवली. त्यांना पद्मश्री जाहीर झाली २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर. कोंकणी लेखक दामोदर मावजो यांची गोष्ट तर एखाद्या कथेसारखी आहे. गौरी लंकेश खुनाच्या तपासात त्यांच्या जीवाला धोका असल्याचं पुढं आलं आणि २०१८ मध्ये माजोर्ड्याच्या त्यांच्या घरापाशी पोलीस पहारा बसला. २०२१ मध्ये त्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं. राज्यानं बंदूकधारी शिपाई दिला आणि ज्ञानपीठानं वाग्देवीची मूर्ती. दोन्हींची गरज त्यांना एकाच कारणानं पडली असं म्हणता येईल, ते बोलत होते म्हणून.

आता नोव्हेंबर २०२० मधली चांदरची रात्र आठवा. मोलेच्या अभयारण्यातून जाणारं रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी यांविरुद्ध माणसं रुळांवर बसली होती. घुमट वाजत होते, गाणी चालली होती. त्या चळवळीत तरुण चित्रकारांनी शेकरू, कवडे, वाघ, दूधसागर इतके देखणे काढले की न्यायालयात न गेलेल्या माणसालाही खटला समजला. रुळांवर बसलेल्यांपैकी काहींवर गुन्हे नोंद झाले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी बाजूला सारली. म्हणजे त्या चित्रकारांचा आणि गाणाऱ्यांचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. त्यांच्यापैकी कुणाला राज्य सांस्कृतिक पुरस्कार द्यायचा विचार एखाद्या समितीच्या मनात आला असेल का? येईल, अजून तीसेक वर्षांनी, गुडघे दुखायला लागल्यावर. केरीच्या पठारावर नायलॉन सिक्स सिक्सचा कारखाना नको म्हणून १९९५ मध्ये आमचा फोंडा तालुका पेटला होता, पोलिसांच्या गोळीनं एक तरुण गेला, कारखाना अखेर तामिळनाडूत गेला. त्या आंदोलनात पथनाट्यं करणारी पोरं आज आजोबा झाली आहेत. आता त्यांना शाली मिळू लागल्या आहेत, पण मानपत्रात ‘नाट्यक्षेत्रातील प्रदीर्घ सेवा’ असं लिहितात. पठाराचा उल्लेख नसतो.

एक आक्षेप मात्र मी खोडत नाही. चळवळ शेकडोंची असते आणि शाल एकाच खांद्यावर पडते. त्यातून चळवळी फुटल्याही आहेत. मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून जानेवारी २०२१ मध्ये ज्या बाया रस्त्यावर झोपल्या, त्यांतली एक निवडून तिला स्मृतिचिन्ह देणं म्हणजे बाकीच्यांना घरी पाठवणं. यावर माझ्याकडं तोडगा नाही, फक्त एक आठवण आहे. आपल्याकडं बायका धालो नाचतात तो मांड, म्हणजे ती नाचण्याची जागा, कुणा एकीची नसते, गावाची असते. जागर या लोकनाट्यात गावातल्या बड्या माणसाची सोंग काढून टिंगल होते आणि तो बडा माणूस पुढं बसून ती पाहतो, उठून गेला तर गाव त्याला हसतं. तियात्र या कोंकणी नाटकातही तेच. १८९२ पासून चालत आलेल्या या रंगभूमीवर मंत्री पहिल्या रांगेत बसलेला असताना त्याच्यावरचं कांतार, म्हणजे गाणं, रंगतं, आणि सभागृह ‘वन्स मोअर’ देतं. टीका ऐकून घेणं ही काही आम्हाला बाहेरून शिकायची रीत नाही. ती मांडावर होती. शासकीय व्यासपीठावर चढताना तेवढी खाली राहिली. जुलै २०२३ मध्ये चार्ल्स कोरियांनी उभारलेल्या कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं आणि राज्याचे पुरस्कार मिळालेले कलावंतच पुढं ‘कला राखण मांड’ म्हणून एकत्र आले, तेव्हा त्यांनी नावात ‘मांड’ हा शब्द घेतला, याचं मला म्हणूनच बरं वाटलं. नूतनीकरणाचं काम निविदेविना का दिलं, या प्रश्नावर विधानसभेत उत्तर आलं होतं की शहाजहाननं ताजमहाल बांधताना दरपत्रकं मागवली नव्हती. या उत्तरासाठी कुठला पुरस्कार द्यावा, ते परीक्षक म्हणून मला अजून सुचलेलं नाही.

आमच्या संस्थेची बैठक गेल्या आठवड्यात परत झाली. मी दोन सूचना लेखी दिल्या. पहिली, त्या बाईचं नाव यंदा परत विचारात घ्यावं. दुसरी, विजेत्याला पंधरा मिनिटं माइक द्यावा, भाषणाची प्रत आधी मागू नये, आणि हे निमंत्रणपत्रिकेवर छापावं, म्हणजे पाहुणे आधीच ठरवतील यायचं की नाही. पहिल्या सूचनेवर कुणी विरोध केला नाही, पाठिंबाही दिला नाही. दुसरी वाचून झाल्यावर आमच्या खजिनदारांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, ‘‘मास्तर, सगळं बरोबर. पण मग हॉलचं भाडं कोण भरणार?’’

बैठक पुढच्या रविवारवर गेली आहे.